बारा इंची स्पीकरचा बेस कॅबिनेट घरी बांधायचा तर

बेस गिटारच्या चार तारा सुट्या छेडल्या तर ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, ए ५५ वर, डी ७३ वर आणि जी ९८ वर. पाच तारांच्या बेसची जाड बी तार ३१ हर्ट्झपर्यंत खाली जाते. कॅबिनेटचं सगळं गणित या आकड्यांभोवती फिरतं, म्हणून ते आधी कागदावर लिहून ठेवा.

इथे दिलेला कॅबिनेट एका बारा इंची ड्रायव्हरचा (म्हणजे खोक्याशिवायच्या सुट्या स्पीकरचा), पुढे पाईप असलेला म्हणजे पोर्टेड आहे. आतली निव्वळ जागा ५९ लिटर, ट्यूनिंग (खोका आणि पाईपमधली हवा ज्या कंपनसंख्येला घुमते ती) ५० हर्ट्झ आणि ड्रायव्हरसकट वजन १८ ते २० किलो. रिक्षात मावतो, जिन्याने एकट्याला नेता येतो. कॉलेजचं गॅदरिंग, तालमीची खोली, छोटा हॉल यांना तो पुरतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या मोकळ्या लॉन्सवर मात्र तो एकटा पुरणार नाही. तिथे चारही बाजूंना भिंती नसतात, त्यामुळे खालचा आवाज पसरून विरून जातो. अशा ठिकाणी कॅबिनेट स्टेजवरच्या मंडळींना ऐकण्यापुरता ठेवायचा आणि समोरच्या लोकांसाठी बेस डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी डबी) मुख्य साउंडला द्यायचा.

ई तार ४१ वर असताना ट्यूनिंग ५० वर का, हा प्रश्न पडेल. तार वाजते तेव्हा ४१ पेक्षा त्याच्या दुप्पट, म्हणजे ८२ हर्ट्झचा अंश बहुतेक वेळा जास्त जोरकस असतो आणि वरच्या अंशांवरून मूळ सूर कान स्वतःच जुळवून घेतो. अँपेग या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये आणलेल्या एसव्हीटी या बेस अँपसोबतचा आठ स्पीकरचा बंद कॅबिनेट आजही बेसवाल्यांचा मापदंड मानला जातो, आणि त्याच घराण्यातल्या एसव्हीटी-८१०ईच्या पत्रकात ५८ हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने उतरलेला दाखवला आहे. ४१ च्या मागे लागलात तर खोका दीडपट मोठा होतो आणि हातात फारसं काही पडत नाही.

ड्रायव्हर आधी, खोका नंतर

सर्वात जास्त घोटाळा इथे होतो. आधी सुताराकडून खोका करून घ्यायचा आणि मग त्यात बसेल तो स्पीकर शोधायचा, असं केलं की आवाज नशिबावर. ड्रायव्हरच्या पत्रकात थील-स्मॉल नावाचे आकडे दिलेले असतात. ते नसतील तर तो ड्रायव्हर घेऊ नका, दुकानदार कितीही शपथा घेवो.

पाहायचे आकडे असे. एफएस, म्हणजे ड्रायव्हरची स्वतःची कंपनसंख्या: ४५ ते ५२ हर्ट्झ. क्यूटीएस, म्हणजे ड्रायव्हर स्वतःचं कंपन किती आवरतो त्याचा आकडा: ०.३५ ते ०.४२. व्हीएएस, म्हणजे कोनाच्या लवचिकपणाइतकीच लवचिक हवा किती लिटर ते: ७५ ते ९० लिटर. एक्समॅक्स, म्हणजे कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) एका दिशेला किती सरकू शकतो ते माप: किमान ४ मिलिमीटर, ५ असेल तर उत्तम. संवेदनशीलता: एका वॅटला एका मीटरवर ९५ डेसिबल किंवा जास्त. इंपीडन्स, म्हणजे अँपला दिसणारा विद्युत रोध: ८ ओहम.

क्यूटीएस ०.३८ च्या जवळ असेल तर हिशोब फार सोपा होतो: खोक्याची निव्वळ जागा व्हीएएसच्या ०.७ पट आणि ट्यूनिंग एफएसइतकंच. म्हणजे व्हीएएस ८४ लिटर आणि एफएस ५० असलेल्या ड्रायव्हरला ५९ लिटर आणि ५० हर्ट्झ. खालची मापं याच हिशोबाने काढली आहेत. तुमच्या ड्रायव्हरचे आकडे यापासून लांब असतील तर विनआयएसडी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडा, आकडे भरा आणि आलेखात ६० ते १२० हर्ट्झच्या मध्ये मोठा उंचवटा दिसतोय का ते पाहा. ३ डेसिबलपेक्षा मोठा उंचवटा म्हणजे एकच सूर घुमणारा खोका.

कारचा सबवूफर घेऊ नका. त्याची संवेदनशीलता ८५ ते ८८ च्या घरात असते. ८८ आणि ९६ मधला ८ डेसिबलचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण वॅटमध्ये तो सहा पटींहून जास्त आहे: जिथे चांगल्या ड्रायव्हरला १०० वॅट पुरतात तिथे कारच्या सबवूफरला ६०० हून जास्त लागतील. शिवाय तो काहीशे हर्ट्झच्या वर मुका होतो आणि बोटांचा, प्लेक्ट्रमचा आवाज येतच नाही. इलेक्ट्रिक गिटारचा बारा इंची स्पीकरही चालत नाही. त्याचा कोन मिलिमीटरभर सरकला तरी पुष्कळ, ई तारेवर तो फाटतो. पीएसाठी (सभा-कार्यक्रमांच्या लाउडस्पीकरसाठी) बनवलेला मिड-बेस ड्रायव्हर, जो वर ३ ते ४ हजार हर्ट्झपर्यंत बोलतो, तो हवा.

मिरवणुकीतल्या डीजेचा जुना बेस बिन स्वस्तात मिळतोय म्हणून घेण्याचा मोह नाशिकमध्ये अनेकांना होतो. ते खोके ४० ते १०० हर्ट्झसाठी बनवलेले असतात. त्यावर बेस गिटार लावली तर छाती हलेल, पण कुठला सूर वाजतोय ते कळणार नाही. आणि चुंबकावरच्या स्टिकरवरच्या '१००० वॅट'कडे लक्ष देऊ नका. पत्रकातला आरएमएस किंवा एईएसचा, म्हणजे ड्रायव्हर सतत पेलतो त्या वॅटचा आकडा तेवढा खरा. तो २०० ते ३०० असला की या कामाला पुरे.

प्लाय

१८ एमएमचा प्लाय घ्या. एमडीएफ जड असतो, स्क्रू कडेत नीट धरत नाही आणि पावसाळ्यात ओल लागली की फुगतो. ब्लॉकबोर्डच्या आत पट्ट्यांमध्ये फटी असतात, त्या बेसवर खुळखुळतात. प्लायमध्ये साधा एमआर (ओल सोसणारा), त्यावर बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा; दोन्ही आयएस ३०३ खाली येतात) आणि मरीन (आयएस ७१०) असे दर्जे आहेत. नाशिकच्या पावसाला आणि टेम्पोतल्या वाहतुकीला बीडब्ल्यूआर पुरतो. मरीनचा डिंक जास्त टिकाऊ, पण आवाजात फरक नाही. गर्जनच्या गाभ्याचा प्लाय भक्कम पण जड भरतो. पॉप्लरचा हलका असतो, त्याला आतून एखादी पट्टी जास्त लागेल.

वखारीत शीट उभं करून बोटाच्या पेऱ्याने ठोकत जा. मध्येच पोकळ आवाज आला तर आत थर सुटलेला आहे, दुसरं शीट काढायला सांगा. कडेवरूनही पाहा. थरांमध्ये नख शिरेल एवढी भोकं दिसली तर ती हवेची गळती ठरणार आहेत.

आठ बाय चारच्या अर्ध्या शीटमध्ये, म्हणजे चार बाय चार फुटांत सगळं बसतं. पॅनेल सॉ असलेल्या दुकानातूनच तुकडे कापून घ्या. हातकरवतीने किंवा जिगसॉने या लांबीचा सरळ कट घरी येत नाही आणि खोक्याची निम्मी गुणवत्ता सरळ कटावर ठरते. यादी एमएममध्ये लिहून द्या. तोंडी सुतात सांगू नका: सुताराच्या हिशोबात १८ एमएम म्हणजे पाऊण इंच, सहा सूत, आणि पाऊण इंच खरं तर १९ एमएम भरतो. दोन बाजूंना मिळून २ एमएमची फट तिथेच तयार होते.

वरचा आणि खालचा: ४३६ × ४०१, दोन नग
डावी आणि उजवी बाजू: ४६० × ४०१, दोन नग
बॅफल (ड्रायव्हर बसतो ती पुढची फळी) आणि पाठ: ४०० × ४६०, दोन नग
आधाराच्या पट्ट्या: ४०० × ५० एक आणि ४६० × ५० एक

चार फुटांच्या रुंदीत ४०१, ४०१ आणि ४०० अशा तीन पट्ट्या पडतात, पात्याची जाडी धरून १० एमएम उरतात. लांबीतून उरलेल्या तुकड्यातून आधाराच्या पट्ट्या निघतात. यादी देण्याआधी व्हर्नियरने प्लायची जाडी मोजा. '१८' म्हणून विकला जाणारा प्लाय पुष्कळदा १७ आणि थोडा भरतो, तसा असेल तर वरच्या-खालच्या तुकड्याची ४३६ ही रुंदी तेवढी कमी करा. आतली ४०० × ४६० ची चौकट बदलता कामा नये.

याशिवाय २० × २० एमएमची सागाची किंवा पाईनची पट्टी साडेतीन मीटर, फेविकॉल एसएच पाव किलो, ४ × ४० चे चिपबोर्ड स्क्रू शंभर.

भोकं आधी, जोडणी नंतर

बॅफल सुटा असतानाच त्यावर ड्रायव्हर आणि पाईपची भोकं पाडा. ड्रायव्हरचं केंद्र वरच्या कडेपासून १७५ एमएमवर, रुंदीच्या बरोबर मध्ये. पाईपचं केंद्र खालच्या कोपऱ्यात, दोन्ही कडांपासून ८० एमएमवर. या मांडणीत ड्रायव्हरची चौकट आणि पाईप यांच्यात अडीच सेंटिमीटरचं लाकूड शिल्लक राहतं आणि मागच्या पट्ट्याही आड येत नाहीत.

ड्रायव्हरचं भोक किती हे पत्रकात कटआउट म्हणून दिलेलं असतं. बारा इंचीला ते साधारण २८० ते २८५ असतं, पण अंदाजाने कापू नका. लाकडी पट्टीला एका टोकाला बारीक खिळा ठोकून दुसऱ्या टोकाला पेन्सिल अडकवली की कंपास तयार. १० एमएमचं भोक पाडून त्यातून जिगसॉचं पातं घाला आणि रेषेच्या आतून कापत जा, मग पॉलिश पेपरने रेषेपर्यंत या. नाका-तोंडाला मास्क लावा. प्लायच्या भुशात डिंकही असतो.

ड्रायव्हर बसवायला लाकडी स्क्रू वापरू नका. दोन-तीनदा काढघाल झाली की ते ढिले पडतात. बॅफलच्या मागून एम५ टी-नट (लाकडात रुतणारी दातेरी चकती असलेला नट) आणि पुढून एम५ × ३० चे अ‍ॅलन बोल्ट लावा. इथे एक अडचण हमखास येते. बोल्टची भोकं कापलेल्या वर्तुळाच्या अगदी काठाला, सात-आठ एमएमवर येतात आणि टी-नटची गोल चकती काठाबाहेर डोकावते. चकतीची ती बाजू ग्राइंडरवर सपाट करून घ्या. नट हातोडीने ठोकू नका, समोरून बोल्ट आणि मोठा वॉशर लावून ओढून आत बसवा आणि चकतीखाली थोडं अरल्डाइट लावा, म्हणजे नंतर बोल्ट आवळताना नट मागे निखळून पडणार नाही. निखळलेला नट बंद खोक्यात शोधण्याइतकं वैतागवाणं काम दुसरं नाही.

आता चौकट. चारही तुकड्यांच्या आतून २० एमएमच्या पट्ट्या गोंद आणि थोड्या आखूड स्क्रूने (४० चा बाहेर डोकावेल) आधीच लावून घ्या: पुढच्या पट्टीचा पुढचा चेहरा पुढच्या कडेपासून ३३ एमएमवर, मागच्या पट्टीचा मागचा चेहरा मागच्या कडेपासून १८ एमएमवर. त्यामुळे बॅफल कडेपासून १५ एमएम आत बसतो, जाळीला जागा राहते, आणि पाठ मागच्या कडेशी सपाट येते. बॅफल आणि पाठ यांच्या मध्ये आतली खोली ३५० एमएम राहते.

बाजू उभ्या करा, कडेवर गोंद पसरा, वरचा तुकडा ठेवा. कोपऱ्यापासून ५० एमएमवर पहिला स्क्रू, पुढे दर १०-१२ सेंटिमीटरला एक. प्रत्येक स्क्रूला आधी अडीच एमएमचं ड्रिल मारा. तसाच स्क्रू घातला तर प्लायची कड उकलते. मग उलटं करून तळ लावा. गोंद ओला असतानाच आतले दोन्ही कर्ण मोजा: ६१० एमएम आले पाहिजेत आणि दोघांत २ एमएमपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा लावून ओढा. गुण्याने एक कोपरा तपासून भागत नाही, चौकट तिरकी असूनही एक कोपरा काटकोनात दिसू शकतो.

बॅफल पुढून आणि पाठ मागून, दोन्ही गोंद लावून पट्ट्यांवर स्क्रूने आवळा. पाठ काढता-घालता येण्याजोगी ठेवायची गरज नाही. ड्रायव्हरच्या भोकातून हात आत जातो आणि चिकटवलेली पाठ कमी थरथरते. पाठीवर जॅक प्लेटचं (वायरचं सॉकेट जिच्यावर बसतं ती पट्टी) भोक मात्र आधी पाडून घ्या. आधाराची ४०० ची पट्टी दोन्ही बाजूंमध्ये आणि ४६० ची वर-खाली, बॅफलपासून २०-२२ सेंटिमीटर मागे, एकमेकींना चिकटून. म्हणजे चुंबकाला जागा मोकळी राहते. या पट्ट्या बरोबर मध्यावर न लावता दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकवा. मध्यावर लावल्या तर फळीचे दोन्ही अर्धे भाग एकाच सुरावर थरथरतात. पट्ट्या पाठ लावण्याआधी बसवाव्या लागतात हे ध्यानात ठेवा.

शेवटी बोटाने गोंदाचा जाड थर आतल्या प्रत्येक सांध्यावर ओढा. हवाबंदपणा इथेच ठरतो. सुकायला उन्हाळ्यात एक दिवस, जुलै-ऑगस्टमध्ये दोन.

पाईप

नळकामाच्या दुकानात मिळणारा ११० एमएमचा एसडब्ल्यूआर (सांडपाण्याचा) पीव्हीसी पाईप यासाठी उत्तम. ११० हे बाहेरचं माप आहे. भिंतीच्या जाडीप्रमाणे आतलं १०४ किंवा १०५ भरतं, ते मोजून घ्या.

लांबीचं सूत्र असं. आतला व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि २३,५६२ ने गुणा. त्याला ट्यूनिंगच्या वर्गाने आणि खोक्याच्या निव्वळ लिटरने भागा. आलेल्या आकड्यातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करा. आपल्या खोक्याचं एकूण माप ४० × ४६ × ३५ सेंटिमीटर, म्हणजे ६४.४ लिटर. त्यातून ड्रायव्हरचे अडीच, कडेच्या पट्ट्यांचे १.३, आधाराचे ०.८ आणि पाईपचा पाऊण लिटर गेला की ५९ उरतात. १०.४ व्यासाला ५० हर्ट्झसाठी लांबी येते ९.७ सेंटिमीटर, बॅफलची जाडी धरून.

पण पाईप १२ सेंटिमीटरचा कापा. लांब पाईपने ट्यूनिंग खाली जातं, आखूड केल्याने वर चढतं, आणि कापलेला पाईप पुन्हा लांब होत नाही. चाचणीपर्यंत तो नुसता दाबून, टेप गुंडाळून बसवा. माप पक्कं झालं की बाहेरून पॉलिश पेपरने खरडून एम-सीलने चिकटवा. गुळगुळीत पीव्हीसीवर एम-सील महिनाभरात सुटतं.

दोन पाईप लावावेत का? हवेचा फुसफुसाट कमी होईल हे खरं, पण दोन झाले म्हणून प्रत्येकाची लांबी निम्मी होत नाही, उलट ती २९ सेंटिमीटरच्या घरात जाते आणि पाईपचं तोंड पाठीच्या फार जवळ जातं. मागे किमान व्यासाइतकी जागा मोकळी लागते. त्यापेक्षा एकाच पाईपच्या दोन्ही तोंडांची आतली धार कानसीने गोल करा.

वायर आणि अस्तर

आत दीड एमएमची दोन रंगांची घरगुती वायर पुरेशी आहे. मागे स्पीकॉन (फिरवून अडकणारं, खास स्पीकरसाठीचं) सॉकेट लावा, १+ ला लाल आणि १− ला काळी. साधा पाव इंची जॅक चालतो, पण तो घालता-काढताना टोक आणि बाही क्षणभर शॉर्ट होतात, आणि तिथे गिटारची पातळ केबल चुकून लावली जाते. ती स्पीकरला कधीही लावू नका, तापते. स्पीकॉन आणि हवाबंद जॅक प्लेट शहरात न मिळाल्यास पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, आणि लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं.

ड्रायव्हरला वायर लावण्याआधी मल्टिमीटर धरा. ८ ओहमच्या ड्रायव्हरवर साडेपाच ते सातच्या मधला आकडा दिसला पाहिजे. मग दीड व्होल्टचा सेल सॉकेटला क्षणभर टेकवा. प्लस लालला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. एकच कॅबिनेट असेल तर उलटसुलट चालून जातं, पण दुसरा शेजारी ठेवाल त्या दिवशी एकाने दुसऱ्याचा बेस खाऊन टाकला तर कारण इथेच असतं.

पाठ, वरचा आणि एक बाजू यांना सोफावाल्याकडचा पॉलिएस्टरचा इंचभर जाडीचा थर चिकटवा. पाईपच्या तोंडाजवळ नको. थर्माकोल निरुपयोगी. ड्रायव्हरच्या चौकटीखाली एसीच्या फिटिंगला वापरतात ती फोमची टेप फिरवा.

पहिल्या कॅबिनेटमध्ये ट्वीटर (वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर) घालू नका. क्रॉसओव्हर (वरचा-खालचा आवाज वेगळा करणारं सर्किट), आणखी एक भोक आणि आणखी एक गळती, शिवाय प्रत्येक अँपची खरखर त्यातून ऐकू येते. स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून) वाजवणाऱ्यांना तो पुढे हवासा वाटेल, तेव्हा बघता येईल.

चाचणी

आधी गळती. तळहाताने पाईपचं तोंड घट्ट झाका आणि दुसऱ्या हाताची बोटं पसरून कोन हळूच आत दाबा. सोडल्यावर तो सावकाश परत यायला हवा. झटकन आला तर कुठेतरी हवा निसटतेय. जॅक प्लेट, हँडलचे स्क्रू आणि ड्रायव्हरची कड या तीन जागा आधी पाहा.

मग ट्यूनिंग. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, अँपमधून अगदी बारीक आवाजात साइन वेव्ह सोडा आणि ८० हर्ट्झवरून हळूहळू खाली या. एका ठिकाणी कोन जवळपास थांबतो आणि पाईपमधून हाताला हवा लागते. ते तुमचं ट्यूनिंग. अचूक हवं असेल तर स्पीकरच्या एका वायरमध्ये १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर घाला आणि स्पीकरच्या दोन टोकांवर एसी व्होल्टेज मोजत जा. पोर्टेड खोक्यात व्होल्टेज दोन ठिकाणी चढतं, त्या दोन शिखरांमधली सर्वात खालची जागा म्हणजे ट्यूनिंग. ४५-४६ आलं तर पाईप अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत ५० वर आणा.

ट्यूनिंगच्या खाली कोनाला खोक्यातल्या हवेचा आधार राहत नाही, तो नुसता पुढे-मागे झेपावतो. म्हणून अँपवर हाय-पास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचा आवाज कापणारा) असेल तर ३५ हर्ट्झच्या आसपास चालू ठेवा, आणि पाच तारांच्या बेसवर बी तार वाजवताना बेसचा नॉब वाढवू नका. ड्रायव्हर नुसते जळून नाही, असे आदळूनही मरतात.

त्यानंतर पंधरा मिनिटं तालमीच्या आवाजात वाजवून सगळे बोल्ट एकदा आवळा. नवं फोम आणि गोंद दबतात.

आवाजात खोट वाटली तर

एखाद्याच सुरावर खुळखुळाट येत असेल तर त्या सुरावर वाजवत ठेवून दुसऱ्याला खोक्याचा एकेक भाग दाबायला सांगा. बहुतेकदा जाळी, हँडल किंवा आत फळीला आपटणारी वायर निघते. फुसफुस पाईपमधून आली तर बेसचा नॉब खाली आणा, खोक्यात दोष नाही.

ए आणि एफ शार्प एकदम घुमतात आणि बाकीचे सूर बारीक वाटतात अशी तक्रार असेल तर खोका उघडण्याआधी खोली मोजा. १० × १२ फुटांच्या खोलीत १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झला आणि १० फुटांची ५६ हर्ट्झला घुमते. ई तारेवरचा दुसऱ्या फ्रेटचा एफ शार्प ४६ वर आहे आणि सुटी ए तार ५५ वर. छतही दहा फुटांवर असेल तर ए दुहेरी घुमणार. कॅबिनेट कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या एक-तृतीयांशावर ठेवा आणि स्वतः खोलीच्या बरोबर मध्ये उभे राहू नका, तिथे हेच सूर गायब होतात. फ्लॅटमध्ये खाली जाड रबर किंवा फोम टाका. खालच्या मजल्यावर आवाज हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो.

५० हर्ट्झची सतत घूं येत असेल तर ती खोक्याची नाही, अर्थिंगची आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत दोन पिनांची बोर्डं अजून सापडतात. अँपची तिसरी पिन काढून किंवा कापून घूं घालवायला जाऊ नका. ओल्या पावसाळ्यात स्टीलच्या तारा आणि माइक यांच्या मध्ये तुमचं तोंड असतं.

बाहेरचं रूप

रेक्झिन लावायचं तर फेविकॉल एसआर ९९८ दोन्ही पृष्ठभागांवर लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग एकदाच बसवा. सरकवता येत नाही. आठ पत्र्याचे कोपरे, वर पट्ट्याचं हँडल, खाली चार रबरी पाय. जाळीसाठी सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड एमएमचा छिद्रांचा पत्रा ३९६ × ४५६ कापून पावडर कोटिंग करून घ्या, आणि पत्रा व लाकूड यांच्या मध्ये रबराचे वॉशर टाका.

अँप जोडताना

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणून २०० वरून ३०० वर जाण्यात पैसे घालण्याआधी असाच दुसरा कॅबिनेट बांधा. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात, आणि बहुतेक ट्रान्झिस्टर अँपची खालची मर्यादा तीच असते. तिसरा जोडायचा नाही. व्हॉल्व्ह अँप असेल तर इंपीडन्सचा स्विच खोक्याशी जुळवा आणि स्पीकर न लावता ते कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. काही क्लास-डी अँपमध्ये स्पीकरचं मायनस टोक अर्थ नसतं, दोन्ही टोकं जिवंत असतात, म्हणून ते चॅसीला किंवा दुसऱ्या चॅनेलच्या मायनसला जोडू नका.

बेस अँप नसेल आणि पॉवर अँप व मिक्सर वापरणार असाल तर पॅसिव्ह बेस मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये सरळ लावू नका. पिकअपला १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. लाइन इनपुट १० किलोओहमच्या घरात असतं आणि वरचा आवाज गिळून टाकतं. मध्ये डीआय बॉक्स घ्या किंवा मिक्सरवर हाय-झी (जास्त रोधाचं इनपुट) बटण असलेला चॅनेल वापरा.

अमेरिकेहून आणलेलं अँप असेल तर मागची पट्टी वाचा. १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर थेट लागतं, नुसतं १२० असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय २३० च्या प्लगमध्ये पहिल्याच क्षणी जळतं. मांडवात जनरेटर असेल तर अँप लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहा, आणि २५० च्या वर दिसलं तर जनरेटरवाल्याला आधी ते खाली आणायला सांगा.